सालीचा कस आणि अणुकेंद्रांची गणती

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जावा बेटावरून आलेल्या सिंकोनाच्या सालीचे जे लिलाव आम्स्टरडॅमच्या बाजारात होत, त्यांत मालाचा भाव पुकारण्याची रीत इतर कोणत्याही वखारीतील रीतीहून निराळी होती. तेथे सालीच्या गाठोड्याला भाव नसे. भाव असे तो ‘युनिट’ला, आणि एक युनिट म्हणजे अर्धा किलोग्रॅम सालीत भरणारे एक टक्का क्विनीन सल्फेट. ज्या सालीत पाच टक्के क्विनीन निघे तिला पाच युनिटांचे दाम, ज्या सालीत आठ टक्के निघे तिला आठांचे. रंग, जाडी, वास या ज्या गोष्टींवर पूर्वीचे जाणते अडत्ये बोटे फिरवून माल पारखीत, त्यांचा मान या बाजारात उरला नव्हता. रसायनज्ञाने कागदावर लिहिलेला एक आकडा हाच मालाचा कस ठरला, आणि त्या आकड्यात अर्ध्या टक्क्याचा फरक पडला तर जहाजभर मालामागे मोठ्या रकमेची उलथापालथ होई. वनस्पतीच्या पोटातील एखादे द्रव्य नेमके किती आहे हे बिनचूक सांगण्याच्या विद्येवर व्यापाराने आपली सगळी मदार टाकल्याचे इतके ठळक उदाहरण त्यापूर्वी क्वचितच सापडेल.

ही विद्या त्या वेळी फार जुनी नव्हती. पेल्त्ये आणि काव्हांतू या दोन फ्रेंच औषधशास्त्रज्ञांनी १८२० मध्ये पॅरिस येथे सिंकोनाच्या सालीतून क्विनीन वेगळे काढले, तेव्हा ‘साल हिवतापावर चालते’ या ढोबळ अनुभवाच्या जागी ‘सालीतील अमुक द्रव्य हिवतापावर चालते’ हे निश्चित विधान आले. आणि द्रव्य निश्चित झाले की ते किती आहे हा प्रश्न आपोआपच पाठोपाठ येतो. तो प्रश्न न विचारता किंवा विचारूनही उत्तराकडे कानाडोळा करून काय घडते, याचा धडा डच सरकारला जावा बेटावरच मिळाला. तेथील लागवडीचा कारभार फ्रान्झ युंगहून या विद्वान परंतु हट्टी निसर्गवेत्त्याकडे होता, आणि त्याने सिंकोनाच्या ज्या जातीवर भरवसा ठेवला ती, पाहुडियाना नावाची, जोमाने वाढणारी होती. दहा लाखांच्या वर झाडे उभी राहिली. योहान डी व्राय या औषधशास्त्रज्ञाने तिच्या सालीचे पृथक्करण करून तीत क्विनीन नाममात्र असल्याचे दाखविले, तथापि युंगहून हयात असेपर्यंत त्या आकड्यांना दाद मिळाली नाही. १८६४ मध्ये तो वारल्यावरच त्या रानावर पाणी सोडण्यात आले. पुढच्याच वर्षी चार्ल्स लेजर या इंग्रज व्यापाऱ्याने, मानुएल इंक्रा मामानी या आपल्या बोलिव्हियन सेवकाकरवी जमविलेले बी युरोपात पाठविले. ब्रिटिश सरकारने ते नाकारले आणि डचांनी त्यातले पौंडभर विकत घेतले. मामानीला या कामापायी तुरुंगात मार खावा लागला व त्यातच त्याचा अंत झाला, ही गोष्ट क्विनीनच्या इतिहासाच्या कडेला लिहिली जाते. ती मध्यभागी यावयास हवी असे मला वाटते. त्या बियांतून वाढलेल्या झाडांची साल पुढील दशकात तपासली गेली, तेव्हा काही झाडांत क्विनीनचे प्रमाण दहा टक्क्यांच्याही पुढे गेले, आणि जावाची मक्तेदारी पक्की झाली.

हिंदुस्थानात हा व्याप निलगिरी पर्वतावर मांडला गेला. क्लेमेंट्स मार्कहॅम याने दक्षिण अमेरिकेतून आणविलेली रोपे उटकमंडच्या परिसरात विल्यम मॅकआयव्हर याच्या देखरेखीखाली वाढू लागली, आणि १८६६ मध्ये मद्रास सरकारने जॉन ब्रॉटन या रसायनज्ञास ‘क्विनॉलॉजिस्ट’ या अपूर्व हुद्द्यावर नेमले. एका झाडाच्या सालीतील द्रव्य मोजण्यासाठी सरकारी दप्तरात स्वतंत्र पद निर्माण व्हावे, यातच त्या मोजणीचे महत्त्व दिसते. मॅकआयव्हरने खोडाची साल पट्ट्यापट्ट्यांनी सोलून उघडा भाग शेवाळाने झाकण्याची युक्ती काढली होती, आणि झाकलेल्या जागी नव्याने भरून येणारी साल अधिक सकस असते असा त्याचा दावा होता. अशा दाव्यांची रुजुवात करणे, कोणती जात, किती उंचीवर, कोणत्या वयाची, कोणत्या ऋतूत कापलेली किती कसाची हे पाहणे, हे ब्रॉटनचे काम. जिवंत झाडांवर केलेले त्याचे प्रयोग रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापून आले. आपल्याकडील घराघरांत ज्याला कोयनेल म्हणत त्या कडू पुडीची ही पूर्वपीठिका होय. पुढे १८९२ पासून बंगालमध्ये ती पुडी टपालकचेरीत एका पैशाला मिळू लागली.

पृथक्करणाची रीत वर्णन करावयास सोपी आणि पार पाडावयास कठीण अशी होती. साल दळून चुन्याबरोबर कालवायची, वाळवायची, अल्कोहोलात किंवा ईथरात उकळून त्यातील अल्कलॉइडे विरघळवून घ्यायची, आम्लात उतरवायची, आणि शेवटी सल्फेटाचे स्फटिक पाडून तराजूत तोलायचे. परंतु सिंकोनाच्या सालीत क्विनीन एकटे नांदत नाही. क्विनिडीन, सिंकोनीन आणि सिंकोनिडीन ही त्याची भावंडे त्याच्याबरोबर असतात, आणि त्यांपैकी सिंकोनिडीनाचे सल्फेट क्विनीनच्या स्फटिकांत असे बेमालूम मिसळून जाते की तराजूला दोघांतला भेद कळत नाही. प्रकाशाचे प्रतल वळविण्याच्या गुणावरून मोजावे तर क्विनीन ते डावीकडे वळविते आणि क्विनिडीन उजवीकडे, म्हणजे मिश्रणात एकाचे वळण दुसऱ्याच्या वळणाने खोडले जाते. मद्रास सरकारने नेमलेल्या समितीने रुग्णांवर प्रयोग करून चारही अल्कलॉइडे हिवतापावर जवळपास सारखीच गुणकारी असल्याचा निर्वाळा दिला होता. पण बाजाराने तो मानला नाही. बाजाराला क्विनीनच हवे होते, आणि तेही आकड्यात.

विसाव्या शतकात वर्णलेखनाची, म्हणजे क्रोमॅटोग्राफीची यंत्रे आली आणि भावंडे एकमेकांपासून वेगळी करण्याचे काम पुष्कळच सुकर झाले. तरी मूळची एक अडचण जशीच्या तशी राहिली. यंत्राच्या पट्टीवर उमटलेला उंचवटा किती मोठा आहे हे सांगता येते. परंतु तेवढ्या उंचवट्यामागे द्रव्य किती, हे सांगण्यासाठी त्याच द्रव्याचा शुद्ध नमुना आधी हाताशी हवा, त्याचे माहीत असलेले वजन यंत्रातून घालवून त्याच्याशी ताडून पाहिले पाहिजे. क्विनीनचा शुद्ध नमुना मिळतो. पण आपल्या वैद्यांच्या काढ्यातील, चिनी औषधांतील, समुद्रातील स्पंजांतील जी शेकडो द्रव्ये आहेत, त्यांपैकी बहुतेकांचे नमुने एक तर मिळतच नाहीत किंवा मिळाले तरी त्यांच्या बाटलीवरील शुद्धतेचा आकडा कोणी, कशावरून लिहिला हे विचारण्यात अर्थ नसतो. मापायची वस्तूच माप म्हणून वापरायची, असे हे चक्र होते. ते भेदणारा मार्ग रसायनशास्त्रात सापडला नाही. तो भौतिकीच्या प्रयोगशाळेत, आणि तोही एका त्रासदायक दोषाच्या रूपाने, सापडला.

हायड्रोजनाच्या अणूचे केंद्र, म्हणजे प्रोटॉन, हे एक अतिसूक्ष्म लोहचुंबक आहे. प्रबळ चुंबकीय क्षेत्रात ते ठराविक वारंवारतेच्या रेडिओलहरींना प्रतिसाद देते, आणि या प्रतिसादाला अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदन म्हणतात. रोजच्या बोलण्यात एनएमआर. हॉलंडमधील गॉर्टर याने १९३६ मध्ये त्याचा शोध घेतला, त्याच्या हाती काही लागले नाही. डिसेंबर १९४५ मध्ये हार्वर्ड येथे पर्सेल, टॉरी व पाउंड यांना पॅराफिन मेणात, आणि त्यानंतर काही आठवड्यांतच स्टॅनफर्ड येथे ब्लॉख, हॅन्सेन व पॅकार्ड यांना पाण्यात हा प्रतिसाद मिळाला. या मंडळींना औषधांशी अथवा वनस्पतींशी यत्किंचितही कर्तव्य नव्हते. त्यांना निरनिराळ्या अणुकेंद्रांचे चुंबकत्व बिनचूक मोजायचे होते. म्हणूनच १९५० मध्ये स्टॅनफर्डच्या प्रॉक्टर आणि यू यांनी नायट्रोजनाचे मापन करण्यासाठी अमोनियम नायट्रेटाचे द्रावण घेतले आणि एका रेषेऐवजी दोन रेषा उमटल्या, तेव्हा त्यांना आनंद होण्याऐवजी कोड्यात पडल्यासारखे झाले. एकच नायट्रोजन अमोनियमात एक वारंवारता दाखवितो आणि नायट्रेटात दुसरी, याचा अर्थ भोवतीच्या इलेक्ट्रॉनांचे आवरण मोजणीत ढवळाढवळ करते, आणि ज्याला अणुकेंद्राचा शुद्ध गुणधर्म हवा त्याच्या दृष्टीने ही केवळ रसायनशास्त्राची कटकट होय.

या कटकटीचे सोने करणारा प्रयोग पुढच्याच वर्षी, १९५१ मध्ये, त्याच विद्यापीठात झाला, आणि तो करणाऱ्या तिघांत अर्नोल्ड व पॅकार्ड यांच्याबरोबर एस. एस. धर्मट्टी हे हिंदी भौतिकीविद होते. त्यांनी घेतलेले द्रव्य अगदी साधे, एथिल अल्कोहोल. त्याच्या रेणूत सहा हायड्रोजन असतात : तीन मिथिल गटात, दोन मिथिलीन गटात, आणि एक ऑक्सिजनाला चिकटलेला. पडद्यावर तीन उंचवटे उमटले, आणि त्यांची क्षेत्रफळे एकास दोनास तीन या प्रमाणात होती. आज कोणत्याही महाविद्यालयीन पाठ्यपुस्तकात हे चित्र सापडते, आणि विद्यार्थी ते पाहून पान उलटतात. परंतु त्यात सांगितलेली गोष्ट अशी आहे की, हायड्रोजन कोठेही बसलेला असो, कोणत्याही शेजारात असो, तो आपल्या वाट्याचा प्रतिसाद सारखाच देतो. शेजारावरून बदलते ती रेषेची जागा. रेषेखालचे क्षेत्रफळ बदलत नाही, ते केवळ संख्येवर अवलंबून असते. प्रकाशशोषणावर चालणाऱ्या साधनांत प्रत्येक द्रव्याचा प्रतिसाद निराळा, आणि म्हणून प्रत्येकाचा प्रमाणनमुना निराळा लागतो. येथे मात्र रेणूंची शिरगणतीच होते. आणि गणती असल्यामुळे एका द्रव्याचे हायड्रोजन दुसऱ्या, अगदी परक्या द्रव्याच्या हायड्रोजनांशी ताडून पाहता येतात. मापायच्या वस्तूच्या शुद्ध नमुन्याची गरज तेथेच संपली.

धर्मट्टी पुढे मायदेशी परतले आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्यांनी अणुकेंद्रीय चुंबकत्वाच्या अभ्यासाचा पाया घातला. ती संस्था त्या काळी गेटवेजवळच्या जुन्या यॉट क्लबच्या इमारतीत होती. कुलाब्याची देखणी वास्तू १९६२ ची. आपल्या मराठी वाचकांना संस्थेच्या संदर्भात होमी भाभांचे नाव तोंडपाठ असते आणि धर्मट्टींचे बहुधा ठाऊक नसते. अल्कोहोलाच्या त्या तीन उंचवट्यांशी मुंबईचा असा थेट संबंध आहे, हे येथे नोंदवून ठेवणे अप्रस्तुत होणार नाही.

तत्त्व १९५१ चे असले, तरी त्यावर हिशेब चालविण्याइतकी यंत्रे स्थिर व्हावयास आणखी एक दशक गेले. १९६१ च्या सुमारास व्हेरियन कंपनीचे ए-६० हे यंत्र बाजारात आले. आणि १९६३ मध्ये हॉलिस याने अ‍ॅस्पिरिन, फेनॅसेटिन आणि कॅफीन यांच्या मिश्रणाचे, म्हणजे त्या काळी आपल्याकडे एपीसी या नावाने दवाखान्यादवाखान्यांतून वाटल्या जाणाऱ्या गोळीतील घटकांचे, प्रमाण या पद्धतीने मोजून प्रसिद्ध केले. त्याच वर्षी युंगनिकेल व फोर्ब्स यांनी २६ शुद्ध सेंद्रिय द्रव्यांतील हायड्रोजनांची गणती करून पद्धतीचा खरेपणा कसास लावला. पुढे १९६६ मध्ये अर्न्स्ट आणि अँडरसन यांनी सर्व वारंवारतांचा प्रतिसाद रेडिओलहरींच्या एकाच स्पंदाने एकदम घेऊन गणिताने उलगडण्याची रीत सांगितली, आणि जे काम तासांचे होते ते मिनिटांचे झाले.

ब्रॉटन आज हयात असता तर त्याने आपल्या सालीचा कस कसा लावला असता, हे पाहण्यासारखे आहे. क्विनीनच्या वर्णपटात, रेषांच्या जागा दाखविणाऱ्या पट्टीवर, ३.९ या अंकाच्या आसपास एक उंच, सरळ रेघ दिसते. ती मिथॉक्सी गटाच्या तीन हायड्रोजनांची. ५ च्या जवळ व्हिनिल गटाच्या टोकाचे दोन हायड्रोजन दिसतात. सिंकोनिडीनात मिथॉक्सी गट नाही, व्हिनिल आहे. उलट डायहायड्रोक्विनीन या नेहमीच्या भेसळीत मिथॉक्सी आहे, व्हिनिल नाही. म्हणजे दोन्ही क्षेत्रफळे ज्याच्या त्याच्या हायड्रोजनसंख्येने भागून शेजारी ठेवली की, तराजूने ज्याची चोरी कधी पकडली नाही ते भावंड आपोआप उघडे पडते : मिथॉक्सीचा आकडा व्हिनिलच्या आकड्याहून जेवढा अधिक भरेल, तेवढे डायहायड्रोक्विनीन, जेवढा उणा भरेल, तेवढे सिंकोनिडीन. दोन्ही भेसळी एकदमच असल्या तर मात्र ही वजाबाकी फसवी ठरते आणि रेषांच्या जागांतील बारीक फरक पाहावा लागतो. नमुन्याच्या त्याच काचेच्या नळीत, ज्याची रेघ या सर्वांपासून दूर पडेल असे एखादे साधे, स्वस्त, टिकाऊ द्रव्य काटेकोर तोलून टाकले की प्रमाणाचे रूपांतर वजनात होते. गुणाकार-भागाकाराला शाळेतले त्रैराशिक पुरते; लागतात ती क्षेत्रफळे, हायड्रोजनसंख्या, रेणुभार आणि तोललेली वजने.

परंतु पद्धत जितकी सरळ, तितकीच ती अधिऱ्या माणसाला शिक्षा करणारी आहे. प्रत्येक स्पंदानंतर प्रोटॉन पुन्हा आपल्या मूळ स्थितीला येण्यास वेळ घेतात, आणि हा वेळ प्रत्येक गटाचा निराळा असतो. त्या काळाच्या पाचपट थांबले तरच शंभरांतील नव्याण्णवांहून अधिक पूर्ववत होतात. घाईने स्पंदामागून स्पंद मारीत गेलेल्या माणसाला आळशी प्रोटॉनांची गणती कमीच येणार, आणि वर्णपट दिसायला मात्र निर्दोष असणार. शिवाय प्रतिसादच मुळी क्षीण : ४०० मेगाहर्ट्‌झच्या यंत्रात, सामान्य तापमानाला, एक लक्ष प्रोटॉनांमागे जेमतेम तिघांचे आधिक्य काय ते उपयोगी पडते, बाकीचे एकमेकांना खोडतात. त्यामुळे द्रव्य अत्यल्प असेल तर ही पद्धत क्रोमॅटोग्राफीपुढे लंगडी पडते. वनस्पतीचा अर्क घेतला तर रेषांची इतकी दाटी होते की एकीचे क्षेत्रफळ दुसरीत मिसळते, आणि मिसळलेल्या क्षेत्रफळावर कितीही दशांश स्थळे लिहिली तरी ती व्यर्थ.

या पद्धतीची सर्वांत चतुर कामगिरी, माझ्या मते, औषधांची नाही, मद्याची आहे. फ्रान्समध्ये द्राक्षाच्या रसात साखर घालून मद्याची तीव्रता वाढविण्याची चाल शाप्ताल याच्या काळापासूनची. आणि किती साखर घातली हे चाखून अथवा तोलून सांगणे अशक्य, कारण द्राक्षाचे अल्कोहोल आणि बीटच्या साखरेचे अल्कोहोल हे रसायनाच्या दृष्टीने एकच. नांत विद्यापीठातील जेरार व मारीव्हॉन मार्तां या दांपत्याने १९८१ मध्ये दाखविले की ते सर्वस्वी एक नाही. निसर्गातील दहा लाख हायड्रोजनांत सुमारे दीडशे जड हायड्रोजन, म्हणजे ड्यूटेरियम असतात, आणि ते रेणूच्या कोणत्या जागी किती बसतात यावर वनस्पतीच्या जातीची व पाणीहवेची खूण राहते. तेच अल्कोहोल, तेच मिथिल आणि मिथिलीन, पण या वेळी त्यांतील ड्यूटेरियमांची गणती! १९८७ मध्ये याच पद्धतीच्या बळावर नांत येथे युरोफिन्स ही कंपनी उभी राहिली, आणि १९९० मध्ये युरोपीय समुदायाने मद्यासाठी ही चाचणी अधिकृत केली. १९९९ मध्ये त्याच शहरातील आकोका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तर तोललेल्या द्रव्याऐवजी यंत्रातच निर्माण केलेला एक विद्युत्-संकेत माप म्हणून वापरण्याची रीत काढली.

हिवतापाच्या औषधाकडे पुन्हा वळावयाचे, तर क्विनीनची गादी पुढे ज्या द्रव्याकडे गेली ते आर्टेमिसिनिन चीनमध्ये तू यूयू यांच्या पथकाने १९७२ मध्ये एका दवण्यासारख्या वनस्पतीतून काढले. या रेणूत अतिनील प्रकाश चांगला शोषील असा गटच नाही. त्यामुळे नेहमीच्या यंत्राला तो नीट दिसत नाही. एनएमआरला मात्र तो हवा तसा सापडतो, कारण ५.९ च्या आसपास त्याच्या एकाच हायड्रोजनाची एकाकी रेघ उभी असते आणि तिच्याजवळ सहसा कोणी फिरकत नाही. पानांतील प्रमाण एक टक्क्याच्या आसपास. शेतकऱ्याला मिळणारा भाव आणि कारखानदाराचा नफा दोन्ही त्या आकड्यावर. हेपॅरिनचे प्रकरणही असेच : २००७-०८ च्या हिवाळ्यात डुकराच्या आतड्यांपासून काढलेल्या या औषधात केलेली भेसळ प्रचलित चाचण्यांना चकवून गेली, रुग्ण दगावले, आणि ती भेसळ ओळखण्यात या वर्णपटातील किंचित बाजूला सरकलेल्या एका रेषेचा मोठा हात होता.

सरकारदरबारी मान्यता यावयास नेहमीप्रमाणे विलंब लागला. जपानच्या औषधकोशाने या शतकाच्या दुसऱ्या दशकात वनौषधींच्या प्रमाणद्रव्यांची शुद्धता ठरविण्यासाठी ही पद्धत स्वीकारली. २०२२ मध्ये अन्नपदार्थांतील सेंद्रिय द्रव्यांच्या शुद्धतेसाठी आंतरराष्ट्रीय मानक, आयएसओ २४५८३, प्रसिद्ध झाले. अमेरिकेची राष्ट्रीय मानकसंस्था त्यासाठी बेंझोइक आम्लाची बाटली देते. अशा आम्लाची शुद्धता त्याच्या उदासीनीकरणास लागणाऱ्या विद्युत्-प्रवाहावरूनही पडताळता येते, म्हणजे सगळी साखळी अखेर तराजू आणि अँपिअर यांच्याशी येऊन टेकते. दोषही तेथेच उरतात. दमट हवेत पाणी शोषणारे द्रव्य तराजूच्या पारड्यावर असतानाच जड होत जाते, आणि त्या एक-दोन मिलिग्रॅमच्या चुकीला पुढचे कोट्यवधींचे चुंबक काही करू शकत नाही.

क्रोमॅटोग्राफीने अठ्ठ्याण्णव टक्के शुद्ध ठरलेले वनस्पतिजन्य द्रव्य या गणतीत पुष्कळदा त्याहून खाली उतरते, कारण त्यात राहून गेलेले पाणी, द्रावक आणि क्षार पहिल्या यंत्राला दिसतच नाहीत. पाणी व द्रावक यांच्या रेषा निदान या वर्णपटात उमटतात. क्षार येथेही अदृश्यच राहतात, परंतु तोललेल्या वजनाच्या मानाने गणती कमी भरली की त्यांचा सुगावा लागतो. द्रवरूप हीलियममध्ये बुडवलेले चुंबक प्रत्येक कारखान्याला परवडणारे नाही, आणि रोजच्या शेकडो नमुन्यांची तपासणी आजही क्रोमॅटोग्राफवरच होते. फक्त त्याच्या शेजारच्या फळीवरील प्रमाणनमुन्याच्या बाटलीवर शुद्धतेचा जो आकडा छापलेला असतो, तो आता पुष्कळ ठिकाणी हायड्रोजन मोजून ठरविलेला असतो.